वॉर्ड सोडून पोडावर जाऊ का?

प्रश्न: मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वय ३१. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साठ खाटांच्या खासगी हॉस्पिटलात पावणेपाच वर्षं झाली. मूळ पगार १२,०००, हातात १६,५००. महिन्याला दहा-बारा नाइट. मुलगा यंदा पहिलीत गेलाय. एका संस्थेच्या टीबी आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रकल्पात ‘फील्ड केस मॅनेजर’ म्हणून बोलावणं आलंय. २२,००० पगार, एक वर्षाचा करार, केळापूर, झरी जामणी आणि मारेगाव तालुके, गाडी माझीच. पंधरा दिवसांत रुजू व्हा म्हणतात. नवरा म्हणतो दिवसाची ड्युटी आहे, घे. सोबतच्या सिस्टर म्हणतात, नर्सिंग सोडून गावोगाव फिरणार का? काय करू?

उत्तर:

ताई, तुमच्या सोबतच्या सिस्टर अर्धं खरं बोलताहेत. सुई, सलाईन, ड्रेसिंग, ऑक्सिजन यांच्याशी तुमचा संबंध जवळजवळ संपेल. पण ज्या कामाला सगळ्यात जास्त नर्सिंग लागतं ते इथेच आहे. वॉर्डात पेशंट तुमच्या ताब्यात असतो. गोळी समोर गिळवता, नाही गिळली तर इन्चार्जला सांगता, ड्युटी संपली की हँडओव्हर देऊन घरी. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मात्र तुम्हीच पाहुण्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, लॅबने थुंकी तपासली, आशाताई घरी जाऊन आली, बँकेत पैसे पडले, असं ज्याचं त्याचं काम झालेलं असतं, तरी पेशंट खंगत असतो. कारण या दुव्यांमधला एक कुठेतरी सुटलेला असतो. तो शोधून पुन्हा जोडणं हेच केस मॅनेजरचं काम. तेही दुसऱ्याकडून करून घ्यायचं, हातात अधिकार काही नसताना. हे जमेल का, आवडेल का, याचा विचार आधी करा. पगाराचा हिशेब नंतर.

हे काम कसं असतं ते एका भेटीवरून पाहू. टीबीच्या मोठ्या माणसाला रोज किती गोळ्या, हे वजनावर ठरतं: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४. म्हणजे ३४ की ३५ या एका किलोत रोजची एक गोळी आहे. आता तुम्ही डिजिटल वजनकाटा शेणानं सारवलेल्या ओसरीवर ठेवलात. जमीन कुठे उंच, कुठे खोल, काट्याचा एक पाय अधांतरी. आकडा दोन-दोन किलोंनी हलतो आणि त्याच आकड्यावर औषध ठरतं. म्हणून गाडीला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लायवूडचा तुकडा बांधून न्यायचा, त्यावर काटा, मग पेशंट. सकाळी निघताना घरच्या फरशीवर स्वतःचं वजन करा, पोडावर पोचल्यावर त्याच काट्यावर पुन्हा करा. अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर जागा बदला. पेशंटच्या पायातली चप्पल आणि कमरेचा विळा काढायला सांगा, हे गमतीनं म्हणत नाही. उपचार चालू असताना वजन पाच किलोंहून जास्त बदललं आणि वरचा किंवा खालचा गट लागला, तर गोळ्या बदलतात. ते ठरवतात डॉक्टर, पण त्यांच्या कानावर घालणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं.

मग गोळ्या मोजायच्या. “गोळ्या घेता का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “घेतो ना बाई, रोज घेतो.” त्यापेक्षा “पाकिटं आणा, बघू” म्हणा. समजा ४१ किलोचा माणूस आहे, रोज ३ गोळ्या, २८ दिवसांच्या ८४ एक तारखेला मिळाल्या. तेरा तारखेला, त्या दिवसाचा डोस घ्यायच्या आधी, ३६ संपलेल्या आणि ४८ उरलेल्या असायला हव्यात. ५७ निघाल्या तर ९ जास्त, म्हणजे तीन दिवस चुकले. इथे रागावलात की पुढच्या वेळी तो नऊ गोळ्या नाल्यात टाकून तुम्हाला बरोबर ४८ दाखवेल. “कोणते तीन दिवस?” एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: बाजाराचा दिवस, लग्न, नाहीतर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला पहाटेच निघणं. कोणाला उपाशीपोटी मळमळतं म्हणून तो टाळतो. मग गोळीची वेळच बदलायची, वावरात न्यायच्या डब्यात त्या दिवसाच्या तीन गोळ्या ठेवायला घरच्यांना सांगायचं. लघवी केशरी होते का, हेही विचारा. गोळीतलं रिफाम्पिसिन हे औषध पोटात गेल्याची ती साधी खूण आहे. ती होणारच, घाबरायचं नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं नसेल तर त्या रंगाला घाबरून औषध सोडणारेही भेटतील.

मोहाच्या दारूचं बोलणं टाळू नका आणि प्रवचनही देऊ नका. काल किती घेतली ते विचारा आणि लिहा. भूक मेली, उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्यांनी त्याच दिवशी ठरवायचं, “पुढच्या मीटिंगमध्ये बोलू” चालत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट तुमच्याकडे आले तर आता बऱ्याच जणांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनचा २६ आठवड्यांचा कोर्स असतो. त्यात लिनेझोलिडवर नजर ठेवा. पायाला मुंग्या, चालताना पायातून चप्पल निसटली तरी न कळणं, नजर अंधुक होणं, रक्त कमी होणं ही त्याची लक्षणं. बेडाक्विलिन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून ईसीजीच्या तारखा चुकवू द्यायच्या नाहीत.

सिकलसेलचं काम वेगळ्या चालीचं आहे. इथे पहिली गफलत कागदावरच होते. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण. गावात दोघांनाही “सिकलसेल आहे” म्हणतात. मग एएस असलेली पोर आजारी नसताना घरात बसते, आणि एसएस असलेला पोरगा “तिलाही आहे, तिला तर काही होत नाही” म्हणत औषध सोडतो. रिपोर्ट स्वतः पाहा. फक्त सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी झाली असेल तर त्यावरून काही ठरवू नका, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्कं निदान करणारी चाचणी झाली का ते बघा. दोघं वाहक नवरा-बायको असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन. “प्रत्येक” हा शब्द दोनदा सांगा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असं अनेकांना वाटतं.

एसएसच्या पेशंटला बहुधा हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू असतं. हायड्रॉक्सियुरियानं पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या) तारखा सांभाळणं हे तुमचं मुख्य काम. सुरुवातीला त्या जवळजवळ असतात, डोस बसला की लांबतात. बाई लग्न झालेली असेल तर दर भेटीला पाळीची तारीख विचारायची, कारण गरोदरपणात हे औषध चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं लागतं. लहान मुलाला १०१ च्या वर ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा. आईला डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी (प्लीहा) वाढली का ते बघायला शिकवा. एका भेटीत येत नाही, तीन-चार भेटी लागतात. हातपाय ठणकण्याचे दौरे थंडीत, पाणी कमी पिऊन दिवसभर राबल्यावर आणि गार पाण्यात काम केल्यावर वाढतात. म्हणजे वेचणीच्या हंगामात तुमचा फोन जास्त वाजणार. आणि हो, रोगाचं नाव अंगणात मोठ्यानं घेऊ नका. शेजारच्या बाईनं ऐकलं की पुढच्या महिन्यात त्या पोरीची सोयरीक मोडते.

आता आशाताईंबद्दल, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. टीबीच्या पेशंटचा उपचार पूर्ण करून घेतल्याबद्दल आशाला मानधन मिळतं: साध्या टीबीला १,००० रुपये, औषधाला दाद न देणाऱ्याला ५,०००. तुम्ही उत्साहानं निक्षय या टीबी पेशंटच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर उपचार सहायक म्हणून स्वतःचं किंवा संस्थेचं नाव टाकलंत की तिचे पैसे गेले. ती भांडणार नाही. फक्त पुढच्या वेळी पोडावर गेलात की “पेशंट वावरात गेला” एवढंच ऐकाल. तिचं नाव तिथेच राहू द्या आणि तिच्यासोबत जा. सुरुवातीला उपकेंद्राच्या एएनएम (नर्सताई), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), तालुक्याचे टीबीचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आणि पोडाचा नाईक, या सगळ्यांना एकदा तरी भेटा. कोलामी येत नसेल तर आशाशिवाय तुमचं पान हलणार नाही. बंजारा तांड्यावर मराठीत निभावतं, पण म्हातारी माणसं गोरमाटीतच खरं बोलतात.

पेशंटच्या पैशाला हात लावू नका. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात: ३,००० निदानानंतर आगाऊ, ३,००० उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. ते अडकण्याची कारणं ठरलेली आहेत. खातं आधारला जोडलेलं नाही, पासबुकावर एक नाव आणि आधारवर दुसरं, खातं वापराविना बंद पडलं, नाहीतर मोबाइल नंबर किराणा दुकानदाराचा. यातलं कोणतं ते बघून पेशंटला बँकेत न्या, पण त्याचं एटीएम कार्ड किंवा अंगठा स्वतःकडे घेऊन पैसे काढून देऊ नका, तो कितीही गळ घालो. एकदा असं केलं की पुढचा प्रत्येक न आलेला हप्ता तुम्हीच खाल्ला असं गावात ठरतं. सिकलसेलच्या पेशंटला एसटीच्या प्रवासात सवलत आहे आणि दिव्यांगत्वाचा दाखलाही मिळू शकतो. हे कागद करून दिलेत तर त्या घरात तुमच्या शब्दाला वजन येतं.

इंजेक्शनची गळ दर घरी घातली जाईल. “सिस्टर आल्याच आहात तर सलाईन लावून द्या.” बॅगेत सुई-सलाईन ठेवूच नका. रिअॅक्शन आली तर तिथे ना ऑक्सिजन, ना डॉक्टर, आणि संस्था म्हणेल आम्ही सांगितलं नव्हतं. कोणती औषधं स्वतःहून देऊ शकता, पॅरासिटामोल आणि ओआरएस एवढीच का, हे प्रकल्पाच्या डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्या. बॅगेत बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर, थुंकीच्या डब्या, मास्क आणि ग्लुकोमीटर असू द्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका. त्या बहुतेक ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि डिक्की भट्टी झालेली असते. मग साखर भलतीच येते आणि तुम्ही पेशंटला दोष देत बसता. टीबीच्या घरी ओसरीत, वारा तुमच्याकडून पेशंटकडे जाईल असं बसायचं. तुम्हाला एन-९५, पेशंटला साधा मास्क. रुजू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढून ठेवा.

वेळ आणि रस्ता. उन्हाळ्यात भेटी सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, पण परतीचा रस्ता टिपेश्वर अभयारण्याकडून असेल तर संध्याकाळची भेट विसरा. वाघाचं मी तुम्हाला सांगायला नको. मारेगाव-वणीकडे कोळशाचे ट्रक, पावसाळ्यात नाल्याला पूर. पूर उतरेपर्यंत थांबायचं, स्कूटी घालायची नाही. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे पोडावर कोणी सापडत नाही. कोणी मिरची तोडायला तेलंगणात निघाला तर आधीच महिन्याच्या गोळ्या हातात द्या आणि निक्षयवर त्याची बदली करून घ्या. तो गेल्यावर शोधण्यात अर्थ नसतो.

आता त्या २२,००० चं. रोज ६० किलोमीटर धरा, २२ दिवस: १,३२० किलोमीटर. स्कूटी लिटरला ४० देते, म्हणजे ३३ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोलच ३,४६५. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचा किलोमीटरला एक रुपया जोडा, झाले पावणेपाच हजारांच्या वर. संस्था महिन्याला २,००० ठोक देत असेल तर पावणेतीन हजारांहून जास्त तुमच्या खिशातून जातात, आणि साडेपाच हजारांची पगारवाढ पावणेतीन हजारांच्याही खाली येते. म्हणून ठोक भत्ता घेऊ नका, किलोमीटरच्या हिशेबानं मागा आणि दर करारात लिहून घ्या.

पेशंट किती, हेही विचारा. एक भेट ३५ मिनिटं, नोंदी ५, पुढच्या घरापर्यंत २५. कागदावर दिवसाला सात भेटी बसतात, प्रत्यक्षात पाच होतात, कारण दोन घरांना कुलूप. मीटिंग आणि रिपोर्टचे चार दिवस वजा केले तर महिन्याला ९० भेटी. नवीन पेशंटला दोनदा, जुन्याला एकदा, असं धरलं तर पन्नास-साठ पेशंट नीट सांभाळता येतात. संस्थेनं दीडशे सांगितले तर ते फोन करून रकाने भरायचं काम आहे, त्याला केस मॅनेजमेंट म्हणत असतील तर म्हणोत बापडे. तीन तालुके एकटीला देत असतील तर नकाशा समोर ठेवून कोणती गावं ते विचारा. अडचण आली तर कोणत्या डॉक्टरांना, किती वाजेपर्यंत फोन करायचा? तुमच्या रजेत पेशंट कोण बघणार? प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे? पीएफ आहे का, फील्डवरच्या अपघाताचा विमा आहे का? बाईनं एकटीनं फिरायचं असेल तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कुठे आहे तेही. २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त जिथे जाल ती जागा आणि संस्थेनं दिलेलं वाहनही कामाचं ठिकाणच धरलं जातं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्या म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या.

नवऱ्याला “दिवसाची ड्युटी” वाटतेय, त्यांना एक सांगून ठेवा. नाइट जाईल, पण रात्री साडेनऊला “पोराला ठणक लागली” असा फोन येईल. त्यासाठी हँडओव्हर नाही. १०८ बोलवायला सांगायचं, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवायचं आणि मग झोपायचं. हे ज्यांना जमत नाही त्या वर्षभरात थकून परत येतात.

परतीची वाट उघडी राहावी यासाठी हॉस्पिटलातून अनुभवाचा दाखला घेताना त्यात खाटांची संख्या आणि तुमचे वॉर्ड लिहून घ्या. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि फील्डची वर्षं त्यात धरली जातीलच असं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका, नोकरी कोणतीही असो.

आणि पंधरा दिवसांत रुजू होऊ नका. तुमची पाच वर्षं भरायला तीन महिने उरलेत, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली की पक्की होते. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचा मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं: तुमच्या १२,००० वर पाच वर्षांचे ३४,६१५ रुपये. तीन महिने थांबल्यानं नव्या पगाराचे फार तर साडेसोळा हजार जातील, पेट्रोल वजा केलं तर त्याहून कमी. चार वर्षं २४० दिवस पुरेसे मानणारे कोर्टाचे निकाल आहेत, पण त्यासाठी भांडत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. संस्थेला तीन महिन्यांनंतरची तारीख मागा. तोवर दोन साप्ताहिक सुट्ट्या त्यांच्याच एखाद्या कार्यकर्तीसोबत पोडावर काढा, एक कडक उन्हाची आणि एक बाजाराच्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्या पाच घरांतलं कोणतं काम अर्धं राहिलं, हे तुमच्या डोक्यात घोळत असेल तर राजीनामा लिहा. तारीख टाकून, दोन प्रतींत, एका प्रतीवर हॉस्पिटलची पोच घेऊन.